जेवणाच्या सुट्टीतलं रिंगण

अण्णा, परवा एका तरुण प्राध्यापिकेनं मला विचारलं, समाजशास्त्र तुम्हाला पहिल्यांदा खरं कधी वाटलं? मी काहीतरी भारदस्त उत्तर देणार होते, पण तोंडातून निघून गेलं, "आमच्या अण्णांच्या शेडमध्ये." मग दिवसभर डोक्यात तुम्हीच. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी कधीच निघून आलेय, त्यामुळे आता जरा धीटपणे लिहायला हरकत नाही. तुमच्या हयातीत या विषयाचं नाव काढायची सोय नव्हती. "समाज काय शिकायचा आसतो व्हय? त्यात ऱ्हायचं आसतं," असं म्हणून तुम्ही सायकलवर टांग टाकायचात आणि केडगावातून थेट नागापूरच्या एमआयडीसीत जायचात.

बहात्तरचं साल होतं. पाऊस नव्हता, रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळत होता आणि आई त्याच्या भाकरी थापताना रोज त्याला शिव्या घालत होती. मी नगरच्या कॉलेजात बी.ए. करत होते. तुम्ही फोरमन होतात त्या शेडमध्ये लेथवर काम करणारा एक टर्नर होता, देवळाली प्रवरेकडचा. त्याच्या हाताचं कौतुक आम्ही घरी इतक्यांदा ऐकलं होतं की आई म्हणायची, आता त्याला दत्तकच घ्या. खंडेनवमीला तुम्ही मशिनींची पूजा केलीत, झेंडूच्या माळा घातल्यात आणि सगळ्यांसमोर त्याला बक्षीस दिलंत, स्टीलचा तीन पुडांचा डबा. कल्पना तुमचीच. डबा तुम्ही स्वतः बाजारात जाऊन, टिचकी मारून, आवाज ऐकून घेतला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही खुशीत घरी आलात.

दिवाळीच्या आतच त्याचं काम ढासळलं. शेडमधला सगळ्यात वेगानं पळणारा हात एकदम सुस्तावला. "बक्षीस दिलं आन् गडी माजला," तुम्ही म्हणालात. मालकांनी तुमच्यावर सोपवलं होतं, शनिवारपर्यंत सांगा, ठेवायचा की काढायचा. शेतात कुसळ उगवलेलं नाही, घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चाललेलं, अशा साली त्याला काढणं म्हणजे काय ते तुम्हालाही कळत होतं. म्हणूनच बहुधा तुम्ही इतके चिडला होतात.

त्याच आठवड्यात तुम्ही तुमचा जेवणाचा डबा घरीच विसरलात आणि आईनं मला पिटाळलं. मी पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली. मला ते दृश्य आजही लख्ख दिसतंय. लिंबाच्या झाडाखाली सगळे रिंगण करून बसलेत. प्रत्येकानं आपल्या भाकरी मधल्या फडक्यावर टाकल्यात, ठेचा, कांदा, कुणाचं पिठलं, सगळं मध्येच, ज्याला जी हाताला लागेल ती भाकरी. आणि तो टर्नर तिकडे भिंतीशी, पाठ करून, मांडीवर फडकं घेऊन एकटा जेवतोय. स्टीलचा डबा त्याच्याजवळ नाहीच. कुणी भांडत नव्हतं, कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. रिंगणात फक्त त्याच्यापुरती जागा उरलेली नव्हती.

अण्णा, मी तिथं डबा हातात धरून खुळ्यासारखी उभी राहिले. कारण आदल्याच दिवशी कॉलेजात आमच्या समाजशास्त्राच्या बाईंनी शिकवलं होतं की एकत्र काम करणारी माणसं आपसात कामाचं एक माप ठरवतात. ते कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या खाली जाणारा चालत नाही आणि वर जाणाराही चालत नाही. वर गेलेल्याला मारझोड करत नाहीत, थट्टा करतात, अबोला धरतात, जवळ बसू देत नाहीत, की तो आपोआप खाली येतो. बाई हे सांगत होत्या तेव्हा मी वहीच्या कोपऱ्यात वेलबुट्टी काढत बसले होते. आणि इथं ते अख्खं प्रकरण मिलोची भाकरी खात माझ्यासमोर बसलेलं! मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. एका माणसाची नोकरी जायची वेळ आलीय आणि आपल्याला आनंद कसला होतोय, असंही वाटलं, पण आनंद काही आवरेना.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात ताटावर बसलात आणि मी सुरू झाले. "तो माजलेला नाही अण्णा. तो त्यांच्यात परत जायला बघतोय."

"ह्ये तुझ्या त्या बाईनं सांगितलं का? तिनं लेथ कवा बघितलाय?"

"नसेल बघितला. पण मला एक सांगा, दसऱ्यानंतर मालकांनी बाकीच्यांचा रोजच्या कामाचा आकडा वाढवला का?"

तुमचा हात ताटातच थांबला. "शेडातल्या कुनाशी बोललीस तू?"

"कुणाशीच नाही. तसं झालं असणार, म्हणून विचारलं."

आई तव्यावरची भाकरी तशीच ठेवून आमच्याकडे बघत राहिली. शेवटी तुम्ही कबूल केलंत, मालकांनी आकडा खरंच वाढवला होता, म्हणाले होते, ह्याला जमतं तर बाकीच्यांना का जमत नाही? न बघितलेली, न ऐकलेली गोष्ट मी नुसत्या विचारानं ओळखली होती. माझा आवाज चढला. म्हटलं, त्याच्या हातामुळे सगळ्यांच्या डोक्यावर ओझं आलं, आता तो हळू काम करून त्यांची माफी मागतोय. बक्षीस नव्हतं ते, तुम्ही त्याला वाळीत टाकलंत.

हा शेवटचा शब्द तुम्हाला झोंबला. "चार बुकं वाचून माझ्या मानसांची चिरफाड करू नगंस. मानसं हायेत ती, बेडकं न्हाईत." ताटावरून उठलात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

शनिवारी सकाळी तुम्ही आईला भाकरी जास्त टाकायला सांगितल्यात. कशाला, ते सांगितलं नाहीत. संध्याकाळी रिकामा डबा तिच्यापुढे ठेवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "ठिवला त्याला. आकडा बी पयल्यावानी केलाय. मालकाला म्हनलं, फुडं बक्षीस द्यायचं तर आख्ख्या लायनीला द्या." मग हात धुता धुता, "दुपारी हाताला धरून रिंगनात बसवला. मी बी बसलो."

"म्हणजे माझं पटलं तुम्हाला!"

"गप जेव."

त्याचा हात पुन्हा पूर्वीसारखा पळाला नाही. बाकीच्यांच्या बरोबरीनं पळाला, आणि तो त्याच शेडमधून म्हातारा होऊन बाहेर पडला. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. त्या थापेवर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं म्हणा ना. पण तुम्ही स्वतः रिंगणात जाऊन बसाल, हे आमच्या कुठल्याच पुस्तकातून मला काढता आलं नसतं. फोरमन तोवर कधी तिथं बसलाच नव्हता.

वर्गात मी हे उदाहरण द्यायचे तेव्हा कुणीतरी हमखास विचारायचं, फोरमनचं मत कशानं बदललं? मी फळ्यावर कारणं मांडायचे. माल वेळेवर निघायला हवा होता. दुष्काळात कुणाच्या पोटावर पाय द्यायला तो धजत नव्हता. माणसं हातची जातील ही धास्ती होती. सगळी कारणं पटण्यासारखी आहेत. एक मात्र मी कधी लिहिलं नाही, की त्या संध्याकाळी तुमची पोरगी डोळे मोठे करून तुमच्यासमोर बोलत होती आणि तिला खोटं पाडणं तुमच्या जिवावर आलं. याला पुरावा काही नाही. एखाद्या विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी पेपर परत केला असता. पण हा कागद कुणी तपासणार नाही, कुठं जाणारही नाही, म्हणून सांगते अण्णा, मला तेच कारण खरं असायला हवं आहे. सिद्धान्त खोटा ठरला तरी चालेल.