तपासणीची खोली

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार, आणि पोटातल्या पाहुण्याला मावशीचा गालगुच्चा. उलट्या थांबल्या का? आई म्हणते, तू फोनवर बोलता बोलता पेंगतेस. पेंग बाई. पुढे झोपेचं खोबरं होणारच आहे.

आमच्या दुकानात नवा नियम आलाय. आम्ही फार्मासिस्ट आता नुसत्या गोळ्या देत नाही. लस टोचतो, रक्तदाब बघतो, बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासण्याही करतो. मालकांनी खोकी ठेवायची खोली रिकामी करून दोन खुर्च्या टाकल्या, पडदा लावला. माझा काय तोरा! समोरचे टेलरमास्तर मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून सलाम ठोकतात. पगार मात्र तोच.

एक अट आहे. खोलीतलं बाहेर बोलायचं नाही. बोललं तर परवाना गेला. अट बरोबरच आहे, त्या भरवशावर तर माणसं येतात.

गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून माझ्याकडे. एचआयव्हीची तपासणी करायची होती. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मी पुन्हा केली, पुन्हा दोनच. त्याचा गळा धरावासा वाटत होता आणि मी त्याला पाणी दिलं. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. म्हटलं, औषधं घेऊन माणसं धडधाकट जगतात, पण बायकोला आजच सांगा. तर म्हणाला, “सांगतो गं, जरा वेळ दे.”

दिला वेळ. फोनवर फोन केले. आज सांगतो, उद्या सांगतो. दवाखान्याची पायरीही चढलेला नाही. काल मी भडकलेच. म्हटलं, तिला दिवस गेलेत, वेळेवर औषध मिळालं तर बाळाला जपता येईल, तुम्हाला काही वाटतं की नाही? तर म्हणतो कसा, “तुला बोलता येणार नाही. म्हणून तर तुझ्याकडे आलो.”

ताई, मी नाव लिहिणार नाही. माझा हातच वळत नाही. पण लहानपणापासून माझ्या तोंडाकडे बघून तुला सगळं कळायचं, तसं हेही कळू दे.

तू ताबडतोब इकडे ये. एकटी. भाऊजींना सांग, आईला बरं नाही. ते म्हणतील, तुझ्या सगळ्या तपासण्या सुरुवातीलाच झाल्यात. ऐकू नकोस. ते रक्त तेव्हाचं, पुन्हा बघायला हवं. कदाचित तुला काहीच नसेल. देवा, नसूच दे! असलं, तर त्याच दिवशी आपण दोघी दवाखान्यात जाऊ. मी तुझा हात सोडणार नाही.

पत्र कुणी लिहिलं ते त्यांना कळायला वेळ लागणार नाही. ते तक्रार करतील, आणि ती खरीच असेल. परवाना जाईल, जाऊ दे. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल, पण आधी ये.

आजपासून नुसती तुझी बहीण,
धाकटी