घोट्याच्या हाडातली पोकळी

अण्णा,

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा खडकीच्या क्वार्टरमध्ये तुम्ही तिला आणि आम्हा पोरांना एकच सांगितलंत, "साधी आहे." आणि पुढच्याच आठवड्यात, सण ना वार, तिच्यासाठी इरकली लुगडं आणलंत. साबणाची झिजलेली चकती नव्या वडीला चिकटवून वापरणारे तुम्ही! आई घडी न मोडता म्हणाली, "आज काय विशेष?" तुम्ही देवापुढची वात सारखी करत बसलात. दिवाळीला ती नव्हती. तेव्हापासून 'साधी' हा शब्द आणि अवेळी आलेला गोडवा एकत्र दिसले, की मी सावध होते.

यंदा माझा उजवा घोटा कितीतरी महिने ठणकत होता. फोटोत नडगीच्या खालच्या टोकाला, हाडाच्या आत, गोल काळी पोकळी दिसली. मग मोठ्या यंत्रात घालून पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, हाडात द्रव भरलेली पिशवी आहे. साधी दिसतेय. दुखत नसती तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. आता खरवडून काढू, कमरेच्या हाडाचा चुरा त्यात भरू, आणि काढलेलं तपासायला पाठवू."

"साधी आहे तर तपासायला कशाला?"

"खात्रीला. तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगत नाही."

मग मुलगा त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागला. मी मॅट्रिक असेन, पण चेहरे वाचता येतात. हिंजवडीहून एरवी उशिरा येणारा हा, त्या दिवसापासून दिवेलागणीला घरात. सूनबाईने माझ्यासाठी मऊ चपला आणल्या. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालते म्हणून मला टोमणे मारणारी ती, आता स्वतःच त्या दोरीवर लावते! घरखर्च लिहिणाऱ्या बाईला असला अवेळी खर्च लगेच खुपतो. एकदा तिला सरळ विचारलं, "मला किती दिवस दिलेत गं डॉक्टरांनी?" ती म्हणाली, "आई, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल." हे मात्र तिच्या मूळ स्वभावातलं होतं. जरा बरं वाटलं.

शस्त्रक्रियेच्या आधी, मुलगा पैसे भरायला गेला तेवढ्यात, मी डॉक्टरांपुढे हात जोडले. "जे निघेल ते आधी मला सांगायचं. तुम्हाला गणपतीची शपथ आहे."

"शपथ कशाला काकू? पाय तुमचा आहे, तुम्हालाच सांगणार."

टाके काढायच्या दिवशी त्यांनी खरंच मुलाला बाहेर थांबवलं आणि दार लावून घेतलं. "तपासणीचं आलंय. सांगू?"

माझ्या तोंडून निघालं, "थांबा. त्याला बोलवा. आधी त्याला सांगा."

डॉक्टर हसले. "अहो, साधीच आहे. कर्करोगाचं काही नाही. हाड भरून येईपर्यंत त्या पायावर भार देऊ नका, म्हणजे झालं."

आता घोटा दुखत नाही. परवाच्या फोटोत पोकळीच्या जागी पांढरं भरून आलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. इतकी वर्षं मनात होतं, की तुम्हाला एकदा जाब विचारायचा, आईला खरं का सांगितलं नाहीत म्हणून. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. त्या बंद दाराआड, डॉक्टरांनी "सांगू?" म्हटलं तेव्हा मला खरं नको होतं. तुम्ही हवे होतात, खोटं बोलायला.