मुक्काम पोस्ट वाडी

वाडी, नागपूर
११ जून २०२३

ती. चारुताई यांना,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकला असाल. फोन करता आला असता, पण तुमच्या घरचा फोन म्हणजे आकाशवाणी. अण्णांना ऐकू कमी येतं म्हणून तो कायम स्पीकरवर, आणि मेसेज आला की अण्णा तो मोठ्याने वाचणार. म्हणून हे पत्र तुमच्या शाळेच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून झालं की कपाटात कुलूपबंद करा.

वरचा पत्ता चुकलेला नाही. आम्ही बेसाचा फ्लॅट भाड्याने दिला आणि इथे अमरावती रोडला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे दोन खोल्या घेतल्या. कारण लाजिरवाणं आहे, तरी सरळ सांगते. घराच्या कर्जाखेरीज आमच्या डोक्यावर नऊ लाखांचं देणं झालं आहे. वास्तुशांतीला तीनशे पानं उठली ती क्रेडिट कार्डावर. मग फर्निचर, मग गाडी. कार्ड फेडायला पर्सनल लोन, ते फेडायला मोबाइलवरची झटपट कर्जं. त्यात पुष्करच्या कंपनीने कमिशन बंद केलं आणि घराचे तीन हप्ते थकले. आता आणखी थकले तर जप्ती येईल, असं बँकेने स्पष्ट सांगितलं. ताई, त्या घरात अण्णांनी लेकाला दिलेला सगळा फंड गेला आहे. ते घर गेलं तर मी अण्णांना तोंड दाखवू शकणार नाही. मला दुसरी कसली भीती नाही, ही एकच आहे.

आता भाड्यातून घराचा हप्ता जाईल. गाडी विकली. माझ्या माहेरच्या पाटल्याही विकल्या. मी सीताबर्डीत साड्यांच्या दुकानात कामाला लागले आहे. पुष्कर दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी इथल्याच एका गोदामाच्या खिडकीत बसून मालाच्या पावत्या लिहितो. घरमालक चंपतराव यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, की काहून वं बाई, एवढा मोठा फ्लॅट सोडून इथं काहून येऊन राहिले तुम्ही? मी खरं कारण सांगितलं, तर त्यांनी डिपॉझिट निम्मं केलं. मधुवंती तर जाम खूश आहे. दहा वर्षांच्या पोरीला दारातच पंजाबपासून केरळपर्यंतचे ट्रक दिसतात, तेव्हा भूगोलाचं पुस्तक उघडायला नको.

अण्णांना यातलं काही कळू देऊ नका. बाकी लोभ आहेच, तो हप्त्याहप्त्याने का होईना, वाढवत राहा.

तुमची
मुग्धा


वर्धा
२० जून २०२३

चि. सौ. मुग्धास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचनालयातच वाचलं. इतका राग आला की दोन मुलांना उगाच दंड केला. घंटा होईपर्यंत राग उतरला, मग त्यांचा दंड परत दिला आणि वर एकेक पेन्सिलही. नऊ लाख! माझा भाऊ लहानपणी लिमलेटच्या गोळ्यासुद्धा उधारीवर आणायचा, तेव्हाच त्याचा कान पिळायला हवा होता. पण घरातून उठून दोन खोल्यांत जायचं धाडस केलंस, त्याचं मला फार कौतुक वाटतं. तोंडावर मी हे कधी म्हणायची नाही, म्हणून पत्रातच घे.

अण्णांना कळू द्यायचं नाही, हे मान्य. जन्मभर पोस्टमास्तर राहिलेला माणूस. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी सकाळी दहाला पोस्टात जाऊन बसतात आणि तिथल्या नव्या मुलांना गठ्ठे कसे बांधायचे ते शिकवतात. ती मुलंही गुणी, ऐकून घेतात. तेव्हा अण्णांची कार्डं बेसाला येतच राहणार. तुझ्या भाडेकरूंना ती सांभाळून ठेवायला सांग. उत्तर मात्र वेळेवर पाठव आणि पत्रावर ठळक अक्षरात बेसा लिहायला विसरू नकोस. बघ, माझं डोकं कसं चालतं!

पैसे देऊ का, असं विचारत नाही. तू नाही म्हणशील. तूरडाळ आणि वर्षाचं तिखट पाठवते आहे, त्याला नाही म्हणायची सोय नाही. पुष्करला सांग, ताई रागावली आहे. फार रागावली आहे असं सांग.

तुझी, खूप रागावलेली नसलेली
चारुताई


वाडी
२५ सप्टेंबर २०२३

ती. चारुताई यांना,
सा. न. वि. वि.

महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या आणि गेल्या. आधी अण्णांच्या गुडघ्याचे आभार मानते. ऐन वेळी तो दुखायला लागला नसता, तर दरवर्षीप्रमाणे अण्णा दोन दिवस आधी पिशवी घेऊन बेसाच्या दारात उभे राहिले असते. देव मला क्षमा करो, पण तुमचा फोन आला तेव्हा मी उडीच मारली.

बेसाला मागच्या वेळी सव्वाशे माणूस जेवलं होतं, केटरर लावून. यंदा दहा बाय दहाच्या खोलीत त्या दोघींना कुठे उभं करायचं, या काळजीने मला रडू येत होतं. चंपतरावांच्या सिंधूताई आल्या आणि म्हणाल्या, की महालक्ष्म्यांले का तुमच्या हॉलचं माप घ्यायचं आहे? पाहुण्या आहेत त्या, जागा देल्ली का बसतात. मग त्यांनीच विटा आणि फळ्या आणल्या. एका महालक्ष्मीला माझा लग्नाचा शालू नेसवला, दुसरीला तुम्ही दिलेली पैठणी. सोळा भाज्यांपैकी सात सिंधूताईंच्या परसातल्या. एकूण एकोणीस माणसं जेवली. त्यांत पंजाबचे दोन ड्रायव्हर होते. त्यांनी जन्मात पहिल्यांदा आंबील चाखली आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. पुष्कर वाढताना गाणं म्हणत होता. ताई, दोन वर्षांत मी त्याचं गाणं ऐकलं नव्हतं.

आणि आमचा नवा नियम ऐका. एकेक कर्ज संपलं की रविवारी सकाळी तिघांनी तर्री-पोहे खायचे. मोबाइलवरचं पहिलं कर्ज काल संपलं. पुष्करने तीन वेळा वरून तर्री मागून घेतली, नाकाडोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. कार्डं तर कापूनच टाकली. त्यातला एक तुकडा डब्याच्या तळाचं बेसन खरवडायला फार छान आहे. कार्डाचा इतका चांगला उपयोग आमच्या घरात पहिल्यांदाच झाला.

अण्णांना वेगळं पत्र टाकलं आहे, वर ठळक अक्षरात बेसा लिहून. कोपऱ्यावरच पेटी आहे, बरं पडतं. माया असू द्या, आणि जमलं तर थोडी मेतकुटाच्या डब्यातून पाठवा.

तुमची
मुग्धा


वर्धा
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मुग्धास,
अ. उ. आ.

दिवाळीला तिघं येऊन गेलात, घर भरलं. पुष्कर बारीक झाला आहे आणि त्याला ते शोभतं. फक्त एक सांगते. गाडी कुठे आहे म्हणून अण्णांनी विचारल्यावर तुम्ही सर्व्हिसिंगला म्हणालात. गेल्या दिवाळीतही सर्व्हिसिंगलाच होती. पुढच्या वेळी निदान पंक्चर तरी करा.

मला हल्ली अण्णांचीच काळजी वाटते. गेल्या वर्षी श्रावणात पेन्शनरांच्या सभेला म्हणून दिवसभर बाहेर होते. रात्री उशिरा आल्यावर जेवले नाहीत, नुसते झोपाळ्यावर बसून राहिले. तेव्हापासून त्यांचं तंत्रच बदललं. साखर झाली म्हणतात, म्हणून मुग्धाला कळव, संत्रा बर्फी पाठवायची नाही. डॉक्टरांचा कागद मागितला तर हरवला. दिवाळीचा सदरा नको, आहेत तेच फाटत नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं होतं, तर इथल्याच शिबिरात जाऊन फुकट करून आले आणि वर मला सांगतात, की फुकटचा डोळा जास्त चांगला दिसतो. गुडघा म्हणशील, तर पोस्टात जाताना दुखत नाही. नागपूरचं नाव काढलं की दुखतो. म्हातारपण चिकट करतं माणसाला, दुसरं काय.

आता किती राहिलं? मी बोटावर मोजते आहे आणि बोटं कमी होत चालली आहेत, हे बरं वाटतं. आशीर्वाद देऊन संपवते. ते देताना मी तरी कधी काटकसर करणार नाही.

तुझी
चारुताई


वाडी
६ एप्रिल २०२५

ती. चारुताई यांना,
सा. न. वि. वि.

संपलं! ताई, संपलं! शेवटचं पर्सनल लोन शुक्रवारी फिटलं. बँकेतल्या मुलीने काही बाकी नसल्याचा कागद दिला, तर पुष्कर तो उलटसुलट करून पाहत राहिला. मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही ना, असं त्याने तिला दोनदा विचारलं. घराचा हप्ता तेवढा राहिला, तो सरळ चालला आहे. घर आपलंच आहे, ताई. आज तर्री-पोह्यांच्या पाच प्लेटी झाल्या, कारण चंपतराव आणि सिंधूताईही आले. चंपतराव म्हणाले, की आता तुम्ही जाता म्हणून मले रडाव का हासाव समजूनच नाही राहिलं. मग ते दोन्ही करून मोकळे झाले.

भाडेकरू दोन मेला घर सोडणार आहेत. आणि इथेच घोळ झाला. रितिकाने, म्हणजे भाडेकरणीने, काल अण्णांचं कार्ड आणून दिलं. अण्णा अक्षय्य तृतीयेला येतो म्हणतात! तीस एप्रिलला! जवळजवळ दोन वर्षं सांभाळलं आणि आता दोन दिवसांसाठी सगळं फुटणार. ताई, तुमच्या पाया पडते, त्यांना तीन मेपर्यंत थोपवा. गुडघा दुखवा, डोळा दुखवा, काहीही करा. त्यांना बेसाच्या घरात, आमच्याच दारात, आम्हीच उभे राहून या म्हणायचं आहे. एवढ्यासाठीच हे सगळं केलं.

पत्र मिळताच उपाय करा. मग लोभ, माया, आशीर्वाद, जे काही शिल्लक असेल ते सगळं एकदम पाठवा.

तुमची, घाबरलेली आणि आनंदात असलेली
मुग्धा


वर्धा
१५ एप्रिल २०२५

चि. सौ. मुग्धा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता नीट पाहा. मुक्काम पोस्ट वाडी. तो मी लिहिला आहे आणि चारूला विचारून लिहिलेला नाही. तिने मला थोपवण्यासाठी तीन दिवस इतके उपाय केले, की शेवटी मलाच तिची दया आली आणि मी सगळं सांगून टाकलं. मग तिनेही कपाट उघडून तुझी पत्रं माझ्या हाती दिली.

बेटा, अडतीस वर्षं मी टपालावर शिक्के मारले. तुझं पहिलंच पत्र आलं, आत ठळक अक्षरात बेसा आणि बाहेर तिकिटावर शिक्का वाडीचा. मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्यावरही वाडी. पोस्टमास्तरापासून लपवायचं आणि तेही पोस्टाने, हे आपल्याच घरातली माणसं करू जाणोत.

म्हणून त्याच श्रावणात सभेचं सांगून नागपूरला आलो. बेसाला रितिका नावाच्या मुलीने दार उघडलं. मी चुकीच्या घरी आलो म्हणालो, तरी तिने बसवून चहा दिला. गुणी मुलगी आहे. तिथून वाडीला आलो. पोस्टात तुमचं नाव सांगितलं, तर पोस्टमनने घर आणि गोदाम दोन्ही सांगितलं. गोदामासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. पुष्कर खिडकीत बसून लिहीत होता. मान खाली, कानावर पेन्सिल. कुणीतरी ओरडलं तर त्याने शांतपणे मान डोलावली आणि पुढची पावती घेतली. एवढा मन लावून बसलेला मी त्याला परीक्षेच्या दिवसांतही पाहिला नव्हता. मी अर्धा तास उभा होतो. खिशात चेकबुक होतं, तुझ्यापासून काय लपवू. पण वाटलं, आता हाक मारली तर हा उठेल आणि पुन्हा माझा लहान मुलगा होईल. म्हणून तसाच परत फिरलो. बस फार हलत होती, म्हणून डोळे पुसावे लागले.

त्यानंतर माझ्याकडून होण्यासारखं एकच होतं. तुमचा खर्च होईल असं काही मागायचं नाही. साखर, गुडघा आणि सदरा ही सगळी त्याचीच नाटकं. डोळ्याचं मात्र खरं आहे, तो खरंच चांगला दिसतो. आणि ज्या गाडीची दोन वर्षं सर्व्हिसिंग चालते, तिचा मेकॅनिक मला एकदा दाखव.

मी तीस तारखेलाच येणार आणि वाडीला येणार. बेसाला दोन मेला तुमच्याबरोबर सामान उचलून जाईन. फंडाची काळजी तू केलीस, मी कधीच केली नव्हती. तो मी घरासाठी दिला होता आणि घर मला त्या खिडकीत दिसलं होतं. आमरस सिंधूताईंच्या अंगणात करा, त्यांना आणि चंपतरावांना मला नमस्कार करायचा आहे. पुष्करला मात्र काही सांगू नकोस. संध्याकाळी तो पावत्या लिहायला बसला, की मी टपरीपाशी उभा राहीन. त्या दिवशी मारायची राहिलेली हाक मला तिथूनच मारायची आहे.

तुझा
अण्णा

ता. क. : संत्रा बर्फी एक किलो आणून ठेव. दोन वर्षांची थकबाकी आहे.