खुर्चीच्या पाठीवरचा पुरावा

प्रिय भुंगाबाई,

या पत्रान्वये तुझ्या तीर्थरूपांविरुद्ध एक गंभीर तक्रार दाखल करीत आहे. घराखालच्या कारखान्यात खिडकीजवळ जी लाकडी खुर्ची आहे ती माझी, हे लहानपणी तूच खडूने तिच्यावर लिहून जाहीर केलं होतंस. त्या खुर्चीच्या पाठीचा दादाने फळा केला आहे. दारावर रंग फवारायची गन धरण्याआधी रंग कसा पडतोय हे बघायला त्याला कुठेतरी एक फटकारा मारावा लागतो, आणि खोलीभर फळ्यांचे तुकडे पडलेले असताना त्याला नेमकी माझी खुर्ची दिसते. सध्या तिच्यावर राखाडी, पांढरा, हिरवट आणि कोशात नाव नसलेला एक असे चार रंग नांदताहेत. कुणाच्या पाठीमागे बोलू नये असं शास्त्रकार सांगून गेले. पाठीवर रंग मारू नये हे सांगायचं राहिलं, कारण त्यांना बहुधा थोरला भाऊ नसावा.

तू हसशील, पण हा फळा वाचायला शिकण्यासारखा आहे. सगळ्यात खालचा राखाडी पट्टा तू सुट्टीला आली होतीस तेव्हाचा. तेव्हाच तू तो मास्क बसवलास. हे दोन डबे एकत्र करून मारायचे रंग छातीत जाऊन बसतात, नुसती खिडकी उघडून भागत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; म्हणून तू गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पाइपाला फाटा काढून, मध्ये फिल्टर घालून, दादाच्या नाकापर्यंत स्वच्छ हवा नेलीस. मास्क तोंडावर नसेल तर गनला हात लावणार नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलंस. दादा पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखा उभा होता आणि वहिनी जिन्यातून समाधानाने बघत होत्या. दर रविवारी तुला मास्कमधला फोटो येतो तो त्या वचनापोटी. स्वतःचा फोटो काढायला एरवी त्याला खेचून न्यावं लागतं.

छोट्या कामांत सगळं सुरळीत चाललं. मग एका ग्रंथालयाच्या कपाटांची दारं आली, माणसापेक्षा उंच, आणि गनने अंग काढून घेतलं. सुरुवातीला फवारा बारीक, अर्ध्या दारापर्यंत पोचेस्तोवर थेंब जाड. वाळल्यावर पाहावं तर दाराला संत्र्याची साल आलेली. ग्रंथपालबाई बघायला आल्या, दारावरून बोट फिरवलं, छान आहे म्हणाल्या आणि पुन्हा एकदा बोट फिरवलं. त्या दुसऱ्या बोटाने तुझ्या बापाचं जेवण गेलं. आयुष्यभर ज्याच्या दारात लोकांनी आपलं तोंड पाहून केस नीट केले, त्याच्या दारावर बाईंचं बोट अडखळलं होतं.

निदान करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. रंग तो मारतो. पाइप, पट्टे आणि गिऱ्हाइकांची समजूत ही खाती माझी. रंग पातळ करून पाहिला, गन धुतली, काही फरक नाही. म्हणजे दोष हवेत. कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा दाबाचा काटा मात्र ठणठणीत. पण हा काटा काही नातेवाइकांसारखा आहे: कुणी काही मागत नाही तोवर भरघोस, मागायला गेलं की हात आखडता. गनचा घोडा दाबून धरला की तो घसरायचा. मग मी टाकीतलं पाणी सोडलं, पट्टा ताणला, कॉम्प्रेसर ज्यातून श्वास घेतो ती जाळी धुतली. तिच्यात इतका भुसा होता की घरटं करून कुणी राहावं. साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड फुगे येतात का म्हणून तपासला. शेवटी गनचा जुना अरुंद पाइप फेकून जाड पाइप लावला. सुधारणा झाली, पण अर्ध्याच्या ठिकाणी पाऊण दारापर्यंत. संत्र्याचं मोसंबं झालं म्हण.

आणि मग एके सकाळी गन सुतासारखी सरळ झाली. खालपासून वरपर्यंत एकसारखा फवारा, दार आरशासारखं. खुर्चीच्या पाठीवरचा हिरवट पट्टा तो. त्यात मला माझं टक्कल दिसतं. मी चार दिवस कॉलर ताठ करून हिंडलो. वहिनींना पाइपाच्या व्यासावर प्रवचन दिलं, त्यांनी भाजी निवडत ते ऐकून घेतलं. आमच्या संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. फक्त कावळ्याने असं मिरवल्याचं कुठे नोंदलेलं नाही.

खरं म्हणजे मला शंका आली ती एका विनोदावरून, आणि तीही उशिरा. मास्कमधून हवा सुरू असली की आत सूं सूं आवाज होतो आणि दादाला बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे. त्यामुळे तो रंग मारत असताना मी त्याच्याविषयी बिनधास्त बोलतो. माझं बरंचसं उत्तम साहित्य याच वेळात निर्माण झालं आहे. पाचव्या दिवशी मी स्वतःशीच पुटपुटलो की ग्रंथपालबाई आता या दारात बघून केस नीट करतील, मग पुस्तकं कोण बघणार. आणि मास्कच्या आतून दादा हसला. मीही हसलो, विनोद इतक्या लांब पोचल्याचा आनंद झाला. जिना चढून जेवायला गेलो, घास हातात घेतला आणि तो हातातच राहिला. त्याला ऐकू आलं कसं?

खाली येऊन पाहिलं. मास्ककडे जाणाऱ्या फाट्याचा कॉक आडवा होता, बंद. मास्कचा खालचा पट्टा सैल करून ठेवलेला, हनुवटीपाशी दोन बोटं जातील इतका, म्हणजे श्वास खोलीतल्याच रंगाच्या हवेचा. आमच्या एवढ्याशा कॉम्प्रेसरला गन आणि नाक दोन्ही झेपत नव्हती, हे मी पाइप मोजत बसलो तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं. खात्री करायला मी कॉक उघडला आणि खुर्चीवर पट्टा मारला: जाड थेंब. कॉक बंद केला, शेजारी दुसरा मारला: आरसा. म्हणजे चौथा, तो बिननावाचा रंग माझाच आहे. तक्रारीत तेवढी दुरुस्ती करून घे.

दादाला विचारलं तेव्हा तो दाराला कागद घासत होता. थांबलाही नाही. म्हणाला, “गनला हवा लागते रे. मला काय, खिडकी आहे.” वर, मास्क तोंडावर असल्याशिवाय आपण गनला हात लावलेला नाही, पाहिजे तर भुंग्याकडचे फोटो बघ, हेही ऐकवलं. शब्दशः तो खरा आहे. असा शब्दाला धरून बसणाऱ्या लोकांशी वाद घालण्यात माझी कॉलेजातली वर्षं गेली, पण ते माझे भाऊ नव्हते.

मास्कसाठी वेगळा कॉम्प्रेसर मागवला आहे, तो येत्या आठवड्यात येईल. तोवर रंगकाम बंद, असं मी धाकट्या तोंडाने थोरल्या भावाला सांगितलं आणि गनच्या पुढची पितळी टोपी काढून खिशात टाकली. ती नसली की गन म्हणजे नुसती मूठ. आता आकाशपाताळ एक होणार म्हणून मी तयारीत होतो. साधा ब्रश जागेवरून हलला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस तो.

त्याने टोपी मागितली नाही, भुंग्या. दोन-तीन दिवस झाले, एकदाही नाही. जिना चढताना हल्ली तो मध्येच थांबतो आणि कठड्याच्या रंगावर नख मारून बघतो. तो कठडा त्यानेच रंगवला आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. वहिनींना वाटतं त्याला रात्री येणारा खोकला उशीमुळे आहे, म्हणून त्यांनी उशी बदलली. आणि खुर्चीची जी तक्रार मी एवढी घोळवून लिहिली ती रंगाची नव्हती. काम करताना दादा कधी बसलेला मी पाहिला नाही, तूही नाही. आता तो भर सकाळी माझ्या खुर्चीत बसतो आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, आणि मला उभं बघूनही उठत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं की मला हसण्यावारी नेतो. तुझं म्हणणं त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. मला दादाबद्दल भीती वाटते आहे. रविवारच्या फोटोची वाट बघू नकोस, निघून ये.

तुझाच, सध्या उभा असलेला,
काका