वानखेडे म्हणजे आपल्यातलेच

४ फेब्रुवारी

दीक्षाच्या पोटात कॉपर-टी आहे! आणि दीक्षालाच माहीत नाही!!

सोनोग्राफीवाला किती सहज म्हणाला — "कॉपर-टी असताना दिवस कसे राहतील?" मी म्हटलं, कोणाला आहे कॉपर-टी? त्यानं स्क्रीनच वळवली आमच्याकडे. माझी धाकटी बहीण टेबलावर आडवी, पोटाला ते थंडगार जेल, आणि मलाच विचारते — "ताई, हे कवा?"

प्रशिकच्या बाळंतपणातच. त्यानंतर कोण्या डॉक्टरनं हात लावलाच नाही तिला. पोरगा तीन वर्षांचा झाला! कन्हानला सासूचे टोमणे — "एकावरच अटकली." काढे, मालिश, कोण्या वैद्याच्या पुड्या. धम्मानंद नवरा असून तिच्याशी धड बोलत नव्हता. आणि दर फोनवर मी — काय गं, काही बातमी?

सुन्न झाले आहे.

५ फेब्रुवारी

प्रशिकचं बाळंतपण झालं तो दवाखाना कोणता? मी गेले होते तोच! तीच डॉक्टर भैरवी!

मागच्या महिन्यात गेले होते मी. नाव वाचून हसली. "वानखेडे? मग आपल्यातलेच! गाव काटोलकडचं?" मी हो म्हटलं. गाव काटोलकडचंच आहे की! वानखेडे कुणब्यांत आहेत तसे आम्हा बौद्धांतही आहेत, नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत. मला वाटलं, बाई लाघवी आहे. चहा मागवला. गोळ्या, इंजेक्शन, कॉपर-टी, सगळं चित्र काढून समजावलं. कशानं काय त्रास होतो तेही. "घाई नाही हं. मिस्टरांशी बोला, मग ठरवा." घरी येऊन नवऱ्याजवळ, उन्मेषजवळ, कौतुक करताना माझं तोंड दुखलं नाही.

आज दीक्षाला विचारलं, तुला काय समजावलं होतं गं? म्हणे, "मले? मान वर करूनबी नाही पाह्यलं. कार्डावर गजभिये वाचलं अन् म्हणे, जा, त्या बाकड्यावर बस."

गजभिये वाचलं. गजभिये म्हणजे बौद्ध, हे नागपुरात वेगळं सांगावं लागत नाही. बस, तेवढंच पुरलं.

७ फेब्रुवारी

मिहानच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून गेले. आधी शांतपणे विचारलं — कन्हानची एक पेशंट, गजभिये, तिला न विचारता कॉपर-टी कशी काय बसवली?

बाई दचकली नाही की गडबडली नाही! खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली करून म्हणाली, "अहो, त्यांना काय विचारायचं? विचारलं की नाही म्हणतात, अन् पुढच्या वर्षी परत हजर. तुम्हाला तर माहीतच आहे ना, हे जयभीमवाले!" आणि हसली. मला विश्वासात घेऊन हसली!

मग म्हटलं, दीक्षा माझी सख्खी बहीण आहे.

तिचं हसू तसंच चिकटून राहिलं तोंडावर. मग म्हणते — "मग तुम्ही आधी सांगायला नको होतं का?"

मी! मी सांगायला हवं होतं! म्हणजे फसवलं मी तिला! तो चहा चुकून पाजला गेला म्हणायचा. चोराच्या उलट्या बोंबा. जे बोलायचं ठरवून गेले होते त्यातलं अर्धंही आलं नाही. "तक्रार करणार आहे" एवढंच म्हणू शकले. बसस्टॉपवर आल्यावर रडले, भर रस्त्यात.

८ फेब्रुवारी

उन्मेष म्हणतो, तक्रार आजच लिहू. लिहूच. पण आधी ती वस्तू बाहेर निघू दे पोरीच्या पोटातून.

११ फेब्रुवारी

उद्या सरकारी दवाखान्यात जायचं. दीक्षाच्या सासूबाईंना, सिंधूताईंना, फोन करून सगळं सांगितलं. बाईंना हुंदकाच फुटला — "काय काय बोलली मी तिले!" वाईट वाटलं मला. पण लगेच पुढे — "काढली का मंग दिवस राहतीन ना? दिवाळीपर्यंत समजन ना?" मी म्हटलं, समजेल की! नक्की समजेल! धम्मानंदही खूश. आता वाया गेलेली तीन वर्षं तरी भरून काढू पोरीची.

दीक्षा काहीच बोलली नाही. धक्क्यातून अजून सावरली नसेल.

१२ फेब्रुवारी

काढली! दीक्षा दंडावर कापूस दाबत बाहेर आली. म्हटलं, हे काय? म्हणे, "इंजेक्शन घेतलं. आता तीन महिने दिवस राहत नाही."

मी ओरडलेच — अगं, तुला मूल पाहिजे होतं ना!

"तुमाले पाह्यजे होतं, सगळ्यायले. आतल्या सिस्टरनं मले इचारलं, तुले काय पाह्यजे? पह्यल्यांदाच कोणी इचारलं वं, ताई."