अर्धा समास सोडून

॥ श्री ॥
रत्नागिरी,
७ ऑक्टोबर २०१३

चि. नितेशला,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आपलं फोनवरचं बोलणं तिसऱ्या मिनिटाला भांडणावर येतं. पत्रात निदान कागद संपेपर्यंत दम धरावा लागतो. शिवाय घरचा फोन आप्पांच्या खुर्चीपासून दोन हातांवर आहे आणि तुझं नाव निघालं की ते चष्मा पुसायला घेतात. आई गेल्यापासून तीन वर्षं पुसतायत. काच झिजली असेल.

आता विषय. आपला कॉम्प्युटर बिघडला आहे, असं आप्पांचं म्हणणं आहे. परवा मी सरळ विचारलं की नितेश तीस नोव्हेंबरला बायकोमुलीला घेऊन न्यूझीलंडला चाललाय, त्याच्या मेलला उत्तर पाठवलंत का. तर म्हणाले, यंत्र नादुरुस्त आहे, मेल जात नाही. कधीपासून, विचारलं तर बरेच दिवस. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे 'बरेच दिवस' तुला ठाऊक आहेत. तेवढ्यात एखादा पूल बांधून पडतोसुद्धा.

नवल असं की हे नादुरुस्त यंत्र रोज सकाळी दहाला चालू होतं आणि साडेबाराला बंद. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून त्याच्यापुढे बसतात. मी ग्रंथालयात जायला निघते तेव्हा टकटक चालू असते.

दुसरी तक्रार आवाजाची. गणपतीत तू पाठवलेल्या व्हिडिओत राही हातवारे करून जीव तोडून काहीतरी सांगते आहे, पण आवाज शून्य. आप्पा तो रोज बघतात. मी मागून आले की बंद करतात आणि कॅलेंडर उघडून तिथी बघायला लागतात. तिच्या शाळेच्या नाचाचा व्हिडिओ तर उघडतच नाही. 'कोडेक' मागतो. हा कोडेक कोण आणि त्याला कुठून आणू?

तू दिवसभर परक्यांच्या कॉम्प्युटरची दुखणी फोनवरून बरी करतोस. घरच्या रोग्याला पत्रातून औषध लिहून दे. जाण्याआधी तुम्ही तिघांनी एकदा इथे येऊन जावं असं मला वाटतं, पण ते मी लिहीत नाही, कारण तू पत्र फाडशील.

दीपालीला आठवण सांग, राहीला पापा. लोभ उरला असेल तेवढा जपून ठेव.
तुझी,
ताई


घणसोली,
११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. ते आधी दीपालीच्या हाती लागलं आणि तिचं वाचून होईपर्यंत तिने माझ्या हाती दिलं नाही.

औषध असं. कोडेक म्हणजे दुभाष्या. व्हिडिओ ज्या भाषेत बांधलाय ती आपल्या कॉम्प्युटरला येत नाही. सोबतच्या चिठ्ठीत एका फुकट प्लेअरचं नाव आहे, तो उतरवून घे, त्याला सगळ्या भाषा येतात. आवाजासाठी खाली उजवीकडे कर्ण्याचं चित्र आहे, त्यावर लाल फुली नाही ना बघ. नसेल तर स्पीकरची पिन मागच्या हिरव्या भोकात आहे ना ते बघ. आणि मेलसाठी, आप्पांना पासवर्ड टाकायला लावून मला दोन शब्दांची मेल पाठव. त्या वेळी स्क्रीनवर जे जे दिसेल ते एक अक्षर न गाळता उतरवून घे. गिऱ्हाईक 'काहीतरी इंग्रजी आलं आणि गेलं' असं सांगतं तेव्हा मला नोकरी सोडावीशी वाटते.

आता तू न लिहिलेल्या गोष्टीबद्दल. आईच्या तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर मी आप्पांना म्हणालो की डॉक्टर मुंबईला न्या म्हणत होते, तुम्ही नेलं नाहीत, तुम्ही मारलंत तिला. बोलायला नको होतं. त्यावर ते म्हणाले की या घराच्या पायऱ्या पुन्हा चढू नकोस. तेव्हापासून मी महिन्याला एक मेल करतो. आधी क्षमा मागायचो, आता नुसती खुशाली कळवतो. एकीचंही उत्तर नाही. त्यांनी एक ओळ लिहिली तर मी येईन. नाही लिहिली तर विमानाच्या पायऱ्या आहेतच, तिथे मला कोणी मज्जाव केलेला नाही.

राग पत्रावर काढलाय, तुझ्यावर नाही. माया असू दे.
तुझा,
नितेश


॥ श्री ॥
रत्नागिरी,
१७ ऑक्टोबर

चि. नितेशला,
अनेक आशीर्वाद.

तुझा दुभाष्या कामाला लागला. शाळेचा नाच बघितला. बाकीच्या पोरी नाचतायत आणि राही मधोमध उभी राहून प्रेक्षकांत कोणालातरी शोधते आहे. घराण्याला शोभेल अशीच.

लाल फुली नव्हती. मागे वाकून बघितलं तर हिरवं भोक रिकामं. म्हणजे स्पीकरच नाहीत, आणि ते नसल्याचं मला तीन वर्षांत कळलं नाही. आप्पांना विचारलं तर म्हणाले, माळ्यावर असतील. गणपतीच्या मखराच्या सामानात सापडले, आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेले. ती गेली त्या दिवशी सुतकात घरात काही वाजायला नको म्हणून आप्पांनी रेडिओ, टीव्ही आणि हे स्पीकर असं तिन्ही बांधून वर टाकलं होतं. तेराव्यानंतर शेजारच्या भागोजीकाकांनी रेडिओ आणि टीव्ही खाली काढून दिले. स्पीकर काढा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून ते राहिले. लेखी आदेश नव्हता ना.

पिन लावली आणि आप्पा खुर्चीत असतानाच राहीला सुरू केलं. कुर्ली, म्हणजे खेकडी, आडवी चालते असं बाबा सांगतात, ते खरं की बाबा थापा मारतात, असं ती आजोबांना विचारते आहे. आप्पांनी संपेपर्यंत ऐकलं, मग उठून परसात गेले आणि विनाकारण शेवग्याच्या शेंगा काढत बसले. जेवणाआधी येऊन म्हणाले, पुन्हा लाव.

मेल पाठवली. 'चाचणी. ताई.' असं लिहिलं आणि ती गेली, कुरकुर न करता. आप्पा शेजारीच होते. स्क्रीनवरचं एक अक्षर न गाळता देते. वर आप्पांचा पत्ता, खाली डावीकडे ओळीने: इनबॉक्स ६२, आउटबॉक्स ०, सेंट १८, ड्राफ्ट्स ३१, जंक २०९. जंकमध्ये सगळी लॉटरी लागल्याची पत्रं आहेत. आप्पांनी त्यातल्या दोघांना नम्र नकार लिहिण्याचा विचार केला होता म्हणे.

मग आप्पांना म्हटलं, जाते की हो मेल. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

रागव, पण पत्र पाठव.
तुझी,
ताई


घणसोली,
२२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी चाचणी त्याच मिनिटाला मिळाली. म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. आमच्याकडे अशा वेळी तक्रारीवर 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून ती बंद करतात. मीही करतो. त्यांना लिहायचं नव्हतं, एवढाच बिघाड होता. तो हिरव्या भोकात पिन घालून जात नाही.

हे लिहून पत्राची घडी घालणार होतो, पण हाताला सवय वाईट. तू उतरवलेले आकडे पुन्हा बघितले. सेंट अठरा. त्यातली शेवटची तुझी. उरल्या सतरा. आई असताना आप्पांनी मला बरोबर सतराच मेल पाठवल्या, माझ्याकडे सगळ्या आहेत. म्हणजे ती गेल्यावर त्या कॉम्प्युटरवरून एकही मेल गेलेली नाही, कोणालाच नाही.

मग ड्राफ्ट्समध्ये एकतीस काय आहे? लिहून न पाठवलेलं तिथे साठतं. उघडू नकोस, आधी त्यांना विचार. मला कशाचीही आशा नाही, फक्त आकडा जुळत नाही म्हणून लिहिलं. सामान बांधायला घेतलंय. आईचा पितळी डबा नेऊ की तुझ्याकडे पाठवू?

तुझा,
नितेश


॥ श्री ॥
रत्नागिरी,
२८ ऑक्टोबर

चि. नितेशला,
अनेक आशीर्वाद.

डबा तूच ने.

एकतीसच्या एकतीस पत्रं तुला आहेत.

विचारल्यावर आप्पांनी आधी यंत्र बंद केलं. मग मला समोर स्टुलावर बसवून कचेरीची पद्धत समजावून सांगितली. कोणताही कागद आधी मसुदा असतो. तो कागदाचा अर्धा समास मोकळा सोडून लिहायचा, म्हणजे वरिष्ठांना दुरुस्तीला जागा राहते. त्यांनी काटछाट करून सही केली की स्वच्छ प्रत निघते आणि मगच जावक. छत्तीस वर्षांत आपला एकही कागद दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेला नाही, असं म्हणाले. आणि घरी, तुला आठवतं का, आई याच स्टुलावर बसायची. ते टाइप करायचे, ती वाचायची आणि हे वाक्य काढा, हे फार लागेल, इथे पोरीचं विचारा, असं सांगायची. मग पाठवा म्हणायची. ते मग बटण दाबायचे. तुझ्याकडच्या सतराही पत्रांवरून तिची नजर फिरलेली आहे.

ती गेल्यावर मसुदे तयार होतात. मान्यता द्यायला कोणी नाही. म्हणून पडून आहेत.

मी म्हटलं, मी देते मान्यता. तर म्हणाले, तू त्याच्या बाजूची आहेस, पक्षकाराला तपासणी करता येत नाही. मी इतकी चिडले की आमटी करपली. वाटलं, ग्रंथालयात जाण्याआधी स्वतःच एकतीस वेळा बटण दाबून मोकळं व्हावं. पण पहिली दोन आणि गणपतीनंतरचं एक अशी तीन वाचायची परवानगी दिली त्यांनी, ती वाचली आणि हात आवरला. प्रत्येकात मध्येच एखादं वाक्य असं येतं की आईने ते नक्की काढलं असतं. तसंच गेलं असतं तर तू तीन वर्षांपूर्वीच विमानात बसला असतास.

जावक न झालेल्या कागदातला मजकूर फोडणं हा गुन्हा आहे. तो करते. गणपतीनंतरच्या मसुद्यात लिहिलंय: 'बाळ काय बोलते ते ऐकू येत नाही. परंतु बोटे आडवी-आडवी चालवून दाखवते, त्यावरून कुर्लीविषयी असावे. तिला सांगावे की होय, आडवीच चालते.'

स्पीकर माळ्यावर होते तेव्हाचं आहे हे.

मी हरले आहे. काय करू ते कळव. महिनाच राहिलाय.
तुझी,
ताई


घणसोली,
पाडवा, ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग दीपालीने वाचलं, मग राहीला कुर्लीचा भाग वाचून दाखवला. तिला बाकी कशाशी देणंघेणं नाही. आडवी चालते हे सिद्ध झालं, असं तिने जाहीर केलंय.

आप्पांना सांग की मसुदा माझ्याकडे मान्यतेसाठी पाठवावा. पत्र ज्याला जायचंय तोच तपासेल. ज्याला लागायचं त्यालाच कळेल काय काढायचं. कागदावर लिहा म्हणावं, अर्धा समास सोडून. ते म्हणतील पद्धत नाही. म्हणावं, रजेवरच्या अधिकाऱ्याचा कारभार दुसऱ्याकडे द्यायची पद्धत तरी आहे ना.

अजून काही नाही. हात थांबतोय.
तुझा,
नितेश


॥ श्री ॥
मसुदा. मान्यतेसाठी सादर.
रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर २०१३

चि. नितेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सूचनेस पूर्वीचा दाखला नाही. तथापि तुझी ताई राजश्री तीन दिवस आमटीत मीठ घालत नाही, म्हणून लिहीत आहे. डावी बाजू तुझ्या दुरुस्तीसाठी मोकळी सोडली आहे.

तू त्या दिवशी जे बोललास ते चारचौघांत बोललास, याचा मला राग आहे. तो गेलेला नाही. तुझी आई असती तर तिने हे वाक्य काढायला लावले असते. तू ठेव किंवा काढ.

डॉक्टरांनी मुंबईस न्या म्हटले होते हे खरे. तिने मला इथून हलवू नका म्हटले हेही खरे. मी तिचे ऐकले. मात्र तिचे ऐकले की स्वतःला धीर नव्हता म्हणून तिच्या शब्दाचा आडोसा घेतला, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. रोज सकाळी दहा वाजता ठरवायला बसतो. तू म्हणालास ते तू एकदाच म्हणालास.

पायऱ्या चढू नकोस असे मी बोललो. ते वाक्य त्या दिवशी तपासायला घरात कोणी नव्हते.

राहीचा आवाज ऐकला. बोलताना ती शब्दाच्या शेवटी दम घेते, तसा तुझ्या आईचा प्रघात होता. भाट्याच्या पुळणीवर ओहोटीला कुर्ल्या भरपूर दिसतात.

तुम्हांस प्रवासाची गडबड असेल. येणे न जमल्यास हरकत नाही. तिकडे थंडी असते, कानटोपी न्यावी.

कळावे.
गंगाराम मयेकर


घणसोली,
१८ नोव्हेंबर

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मसुदा तपासून परत पाठवत आहे. रागाचं वाक्य ठेवलं आहे, तो तुमचा हक्क आहे. मुंबईचं ठेवलं आहे. त्याच्या डाव्या बाजूला मी दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या ताईला दाखवू नका. पायऱ्यांचं ठेवलं आहे.

शेवटच्या परिच्छेदातलं एकच वाक्य काढलं आहे: 'येणे न जमल्यास हरकत नाही.' त्यावर लाल रेघ मारली आहे आणि समासात सही केली आहे. बाकी मजकूर मान्य. स्वच्छ प्रत टपालाने पाठवू नका. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं येतो आहोत, हातात द्या.

ओहोटी किती वाजता आहे ते राही विचारते आहे. तुम्ही कॅलेंडर बघून ठेवा.

आपला,
नितेश