पाच रानघेवडे

पुणे, ४ ऑक्टोबर १९९९

ती. बाबांना सुहासिनीचा सा. न.

राजूरच्या टेकड्यांवरच्या पाच जातींच्या रानघेवड्यांची मिळून तुम्ही तीस वर्षांमागे जी स्वतंत्र प्रजाती मांडलीत, तिचा डीएनए मी तपासला. बाबा, पाचही एका घरच्या निघत नाहीत. तीन वेली सरळ मूग-चवळीच्या घरात जातात, उरलेल्या दोन कुणाच्याच जवळ नाहीत. म्हणजे तुम्ही दिलेलं नाव पुस्तकांतून जाणार. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, महिनाअखेर लेख पाठव. मी थांबले आहे. रागवा, पण लिहा.

तुमच्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
सुहास

जाफराबाद, ११ ऑक्टोबर

चि. सुहासिनीस आशीर्वाद.

तुझी पानं कुठली? कॉलेजच्या संग्रहातली, बुरशी लागलेली. बुरशीचाच डीएनए मोजला असशील! फुलं मी भिंगाखाली चार हंगाम पाहिली आहेत. पाचांच्याही पाकळीला तोच पीळ आहे. ताजी पानं पाठवतो. तोवर एक ओळ छापायची नाही.

बाबा

जाफराबाद, १७ ऑक्टोबर

चि. सुहासला आईचे अनेक आशीर्वाद.

पानांची पुडी सोबत आहे. तुझे बाबा शेजारच्या भुजंगरावांच्या जीपनं टेकडीवर गेल्ते, पाय घसरून मनगट सुजवून आले. दवाखान्यात चला म्हटलं, तर आधी पानं वाळवू दे म्हणाले. धड जेवून न्हाई राह्यले, बोलून न्हाई राह्यले. काल एकदम विचारलं, पोरगी बराबर निघाली तर मंग माझं काय उरतं? पण तू खोटं लिहू नको. त्यांना कळेल.

जिवाला जप.
आई

पुणे, २० नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

ताज्या पानांचा निकालही तोच आला. मी दोनदा करून पाहिला. सरांनी दिलेली मुदत कधीच टळली. या महिन्यात लेख गेला नाही तर हे काम दुसऱ्याकडे देणार, असं काल सगळ्यांसमोर म्हणाले. देऊ दे. तुम्ही नको म्हणालात, तर मी सोडून देते.

मनगट कसं आहे?
सुहास

जाफराबाद, २५ नोव्हेंबर

चि. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

सोडू नकोस. पत्र हाती पडताच लेख पाठव. फुलं मी पुन्हा उघडली. पीळ पाचांनाही आहे, पण पाचांवर भुंगाही एकाच जातीचा बसतो. त्याच्यासाठी घडण सारखी झाली असावी, नात्यानं नव्हे. लेखात मला तळटीपेत लपवू नकोस. पहिल्याच पानावर लिही, की वामन अंबेकरांनी मांडलेली प्रजाती टिकत नाही. बाप म्हणून सवलत नको.

दोन दिवस हे पत्र लिहून फाडत होतो. आता जेवलो आहे, आईलाही हे सगळं सांगितलं आहे.

राहिल्या त्या दोन वेली. त्यांना आता ना घर, ना नाव. त्यांच्या फुलांचं वर्णन मी लिहायला घेतलं आहे. डीएनए तुझा. त्यांच्यावरच्या या नव्या लेखावर पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. चालेल का? उलट टपाली कळव.

तुझा,
बाबा